लग्नातली मागची खोली

मोठीच्या लग्नपत्रिकेच्या तळाशी एकच ओळ होती: 'बारा वर्षांखालच्या मुलांना कृपया घरी ठेवून यावे.' ही ओळ तिने स्वतः लिहिली होती, चार वेळा खोडून. 'आणू नये' म्हटलं की ते बागेतल्या पाटीसारखं वाटायचं आणि 'आणलं नाहीत तर बरं' म्हटलं की सगळे आणणारच. शेवटी 'कृपया' घातलं, पत्रिका फोनवरून सगळ्यांना पाठवली आणि दुसऱ्या दिवशी ती नव्या नोकरीवर रुजू झाली.

दोन्ही एकाच आठवड्यात करायला नको होतं, हे तिला पहिल्याच दुपारी कळलं.

नोकरी बसडेपोत होती. ड्रायव्हरांच्या पाळ्या लावायच्या. खाली गाड्या धुवायची जागा, वर जिना चढून तिची खोली. खोलीत डिझेलचा वास, एक टेबल, एक फोन आणि भिंतभर फळा. फळ्यावर प्रत्येक गाडीचा एक खण आणि प्रत्येक खणात ड्रायव्हरच्या नावाची पट्टी अडकवायची. याआधी ती एका गोदामात कुठलं खोकं कुठल्या मांडणीवर जाईल ते ठरवायची. खोकी उलट बोलत नसत. इथे दाराशेजारच्या खिडकीतून दर थोड्या वेळाने एक डोकं आत यायचं. "बाई, तेवढी माझी शनिवारची दुपारपाळी बदला." "बाई, मला घाटाची गाडी नको, कंबर धरते." आधीचा माणूस सगळ्यांना हो म्हणायचा. त्यामुळे फळा म्हणजे चिंध्यांची गोधडी झाली होती आणि ती उसवून नीट शिवायला मोठीला आणलं होतं.

पहिल्या दुपारी टेबलाच्या खणात ठेवलेला तिचा फोन थरथरत राहिला. तिसऱ्यांदा तिने तो उचलला आणि जिन्यात गेली. पलीकडे तिची बहीण, धाकटी. घरात या दोघींना मोठी आणि धाकटी याशिवाय दुसरी हाक कोणी मारली नव्हती.

"हे काय लिहिलंयस?" धाकटीने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"काय?"

"बारा वर्षांखालची. म्हणजे माझी दोन्ही."

"फक्त तुझी नाहीत गं. सगळ्यांचीच."

"सगळ्यांचं मला माहीत नाही. माझ्या मुलांना सख्ख्या मावशीच्या लग्नाला बंदी, एवढंच मला कळलं."

"बंदी काय? मी कामावर आहे, संध्याकाळी बोलू या का?"

"बोलायचं काय राहिलंय? तू लिहूनच टाकलंयस."

फोन बंद. मोठी वर आली तर खिडकीत दोन डोकी एकदम.

आता, मोठीला मुलं आवडत नव्हती असं कोणी म्हणालं असतं तर ते धादांत खोटं ठरलं असतं. उलट भावंडांची अख्खी पलटण तिच्याच कडेवर वाढली होती. सगळ्यांत थोरली म्हणून प्रत्येक लग्नात हॉलच्या मागच्या खोलीत तिची नेमणूक ठरलेली. तिथे गाद्या घातलेल्या असायच्या, कोणाचा तरी बूट हरवलेला असायचा आणि कोणीतरी कोणाला तरी चावलेलं असायचं. तिच्याबरोबर माऊ असायची. माऊ म्हणजे आईची धाकटी बहीण; खरं तर मोठीची मावशी, पण लहानथोर सगळेच तिला माऊ म्हणत. तिने लग्न केलं नव्हतं, आणि ज्यांना मुलं नाहीत त्यांनी मुलं सांभाळायची, असा घरात एक अलिखित कायदाच होता. काकाच्या लग्नात मोठीने दाराच्या फटीतून लोकांच्या पाठी पाहिल्या. धाकटीच्या लग्नात टाळ्या ऐकल्या तेव्हा ती कोणाच्या तरी बाळाची ओकारी पुसत होती. त्या लग्नाच्या फोटोंत मोठीचं एक कोपर आहे आणि कोपरापुढे दुधाची बाटली.

म्हणून तिने ठरवलं होतं की आपल्या लग्नात मागची खोलीच नको. माणसं समोर बसतील, बोललेलं ऐकतील, गरम जेवतील. तिने हे आईला एकदा सांगायचा प्रयत्न केला. आई म्हणाली, "म्हणजे आम्ही तुला राबवलं असं म्हणायचंय का तुला?" त्यावर मोठीने कानाला खडा लावला. कारण म्हणून कोणाला काही सांगायचं नाही.

होणाऱ्या नवऱ्याला काहीच अडचण नव्हती. तो तरणतलावावर पोहायला शिकवायचा, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. "मी आठवडाभर ओली मुलंच बघतो," तो म्हणाला. "एक दिवस कोरडी मोठी माणसं चालतील मला." त्याच्या वहिनीने पत्रिका वाचली, "बरं झालं बाई" म्हणाली आणि मुलांना तिच्या आईकडे ठेवायचं ठरवून टाकलं. तिकडचा विषय तिथेच संपला. मोठीला वाटे, माणसाने लग्न करताना फक्त नवऱ्याकडच्यांनाच बोलवावं.

इकडे रविवारी आईकडे गेली तर धाकटी आधीच येऊन बसलेली. बाबा वर्तमानपत्रामागे. धाकटीची मुलं पलंगावर उड्या मारत होती.

"विचार त्यांना," धाकटी म्हणाली. "तूच सांग त्यांना, तुम्ही नकोयत म्हणून."

"मुलांना मध्ये घालू नकोस."

"मी घातलं? बारा वर्षांची रेघ कोणी ओढली?"

डेपोत मोठीला मुख्य नियंत्रक मॅडमनी एक गोष्ट शिकवली होती. नाही म्हणताना कारण सांगायचं नाही. कारण सांगितलं की माणूस कारणाशी भांडत बसतो. फळ्यासमोर हे फार छान चाललं होतं. घाटाच्या गाडीवाला नुसतं 'नाही' ऐकून दोन क्षण थांबायचा आणि निघून जायचा. मोठीने तेच इथे करून पाहिलं.

"नाही म्हणजे नाही."

"अगं पण का?" आईने विचारलं.

"नाही, बस."

बाबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि आईने मोठीकडे असं पाहिलं, जसं काही तिने कोणाच्या तरी थोबाडीत मारली होती. बहीण म्हणजे ड्रायव्हर नव्हे, हे मॅडमनी सांगितलं नव्हतं.

"कोणापुढे एवढा तोरा मिरवतेस?" धाकटी मुलांच्या पायांत चपला सरकवत म्हणाली. "आम्हीसुद्धा येत नाही मग. ठेव तुझं शांत लग्न."

त्यानंतरचे आठवडे असेच गेले. दिवसा ड्रायव्हर, संध्याकाळी नातेवाईक. मामी म्हणाली, आमचा नातू लहान असला तरी मोठ्या माणसासारखाच आहे, एका जागी बसतो. चुलतभाऊ म्हणाला, तान्हं बाळ मुलांत धरतात का? सगळ्यांना नियम पटत होता, फक्त आपल्या घरापुरती सवलत हवी होती. मोठी एकेकाला समजावून घसा कोरडा करायची आणि आई मागाहून त्याच माणसाला फोन करून म्हणायची, "ती बोलते तसं, तुम्ही मनावर घेऊ नका."

एक दिवस काकाने डेपोचाच फोन लावला. मोबाइल उचलत नाही म्हणून चौकशीतून नंबर काढला म्हणे.

"आमच्या पोराला पुढच्या महिन्यात बारावं संपतंय," काका म्हणाला. "पूर्णच धर ना."

"काका, मी फळ्यावर आहे."

"फळ्यावर कशी असशील? लग्न तुझं, फळ्यावर कशाला? बरं ऐक."

काका ऐकवत राहिला. फोन खांद्याने कानाशी दाबून मोठी दुसऱ्या दिवशीच्या पट्ट्या लावत राहिली. एक पट्टी दोन बोटांत राहून गेली आणि बोलता बोलता तिने ती टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णालयाकडे जाणारी पहिली गाडी निघालीच नाही. गाडी उभी, ड्रायव्हर घरी, आणि थांब्यावर पाळी बदलायला निघालेल्या नर्सा आणि पेशंट घड्याळं बघत ताटकळलेले. मॅडमनी मोठीला बोलावलं तेव्हा ती पट्टी त्यांच्या समोर टेबलावर होती.

"फोनवर होतात?"

मोठीने मान हलवली.

"कोणाशी?"

"काकांशी. लग्नाचं बोलणं होतं."

"माझ्या तीन मुलींची लग्नं झालीत," मॅडम म्हणाल्या. "ती चालू असताना गाड्या मात्र सुटत होत्या. तुमची लग्नानंतरची रजा मी मंजूर करत नाही. शनिवारी लग्न करा, रविवारी झोपा, सोमवारी पहाटे मला तुम्ही फळ्यासमोर हव्यात."

मोठी जिन्यात येऊन उभी राहिली. रडू येत नव्हतं, नुसता संताप येत होता. काकावर, आईवर, त्या पट्टीवर. खाली कोणीतरी गाडीच्या काचांवर पाण्याचा जोरदार फवारा मारत होतं आणि तिला वाटलं, आपल्यालाही कोणीतरी असं एकदा धुवून काढावं.

लग्न जवळ आलं तेव्हा हॉलच्या व्यवस्थापकाचा फोन आला. बिचारा फार नम्र माणूस.

"मॅडम, मागच्या खोलीत गाद्या घालू की सतरंज्या?"

"कुठल्या मागच्या खोलीत?"

"मुलांच्या. चौदा मुलांचं सांगितलंय ना."

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या आईंनी," तो म्हणाला आणि आपण काहीतरी घोळ घातलाय हे त्याच्या लक्षात आलं.

मोठी डेपोतून थेट आईकडे गेली. आई भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही, म्हणजे तिला फोनचं कळलं होतं.

"मुलं हॉलमध्ये येणारच नाहीत," आई म्हणाली. "मागे असतील. तुझा नियम मोडतो कुठे?"

"आणि त्यांच्याजवळ कोण बसेल?"

"कोण म्हणजे? माऊ. ती नेहमीच बसते."

त्या 'नेहमीच'ने मोठीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती काय काय बोलली ते तिला नंतर नीट आठवलंही नाही. आयुष्यभर माऊला कोंडून ठेवलंत, माणूस आहे की आया आहे ती, असं काहीतरी. आई भाजीचं पातेलं घेऊन उठली आणि आत गेली. मोठीने आत ऐकू जाईल अशा आवाजात व्यवस्थापकाला फोन करून मागच्या खोलीला कुलूप लावायला सांगितलं आणि तशीच माऊकडे निघाली. निदान तिथे तरी आपल्याला कोणी समजून घेईल.

माऊ एकटी राहायची. पुढच्या खोलीत कपडे दुरुस्तीचं काम, मागच्या खोलीत संसार. मोठी गेली तेव्हा ती एका पडद्याची किनार दुमडून टाके घालत होती.

"माऊ, मी तुला सोडवलंय," मोठी धापा टाकतच म्हणाली. "मागची खोली बंद केली. तू पहिल्या रांगेत बसायचंस. साक्षीदार म्हणून सहीसुद्धा तूच करायची."

माऊचा हात थांबला. "बरं. आणि सही झाल्यावर?"

"मग काय, आरामात जेवायचं. गप्पा मारायच्या."

"कोणाशी?"

"सगळ्यांशी. सगळे असतील ना."

"सगळे असतात म्हणूनच," माऊ म्हणाली. तिने सुई पडद्यात टोचून ठेवली. "हॉलमध्ये मला दोनच प्रश्न विचारतात. गुडघे कसे आहेत आणि एकटीला करमतं का. पहिल्याचं उत्तर द्यायच्या आत दुसरा येतो. मग तोंडाने अरेरे करतात आणि पुढे जातात. मागच्या खोलीत मला असं कोणी विचारत नाही. तिथे माझ्यामागे शंभर कामं असतात. कोणाचे बूट, कोणाची शी. वेळ कसा जातो कळत नाही."

"म्हणजे तुला तिथे बसायला आवडायचं?"

"तू अडकली होतीस तिथे. दर दोन मिनिटांनी दाराशी जायचीस. मी नव्हते अडकले. कुठलंही लग्न आलं की मी आधी विचारायचे, मुलं किती आहेत म्हणून."

खरं तर इथे मोठीचं मन भरून यायला हवं होतं. पण दिवसभर तिची नुसती चिडचिड झाली होती आणि तिला एवढंच वाटलं की सगळ्या जगाबरोबर आता हे शेवटचं माणूसही पलीकडे जाऊन बसलं.

"म्हणजे तूसुद्धा माझ्या विरोधात!"

"विरोधात कशाला? लग्न तुझं. तुला हॉलवर मुलं नकोत ना? नाही येणार." माऊने पडदा पुन्हा हातात घेतला. "चहा ठेवू का?"

मोठी चहा न घेता गेली.

दोन दिवसांनी धाकटीचा फोन आला. इतक्या आठवड्यांनी पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ होता.

"सुटला बाई एकदाचा प्रश्न. सगळी मुलं माऊच्या घरी. तीच म्हणाली. सकाळी सोडायची, संध्याकाळी न्यायची. मी येतेय लग्नाला. साडी कुठली नेसू?"

मोठीने लगेच माऊला फोन लावला. पाठीमागे शिलाई मशीन चालू होतं.

"हे काय ठरवलंस?"

"सगळ्यांची सोय झाली की."

"माझी नाही झाली. मला तू तिथे हवीस."

"तुला मुलं नकोत आणि मी हवी. दोन्ही कसं जमणार गं?" मशीन थांबलं. "मी रागावून नाही म्हणत. खरंच नाही. तुझं लग्न छान होऊ दे."

त्या संध्याकाळी फळ्याचं काम संपल्यावर मोठीने फोन काढला आणि सगळ्या नातेवाइकांना एक संदेश लिहिला: 'मुलांना घेऊन या. मागची खोली उघडी आहे.' तो तिने दोनदा वाचला. पाठवला तर माऊ येईल, आई सुटकेचा श्वास टाकेल, धाकटी जिंकेल. आणि लग्नात पुन्हा एकदा अर्धी माणसं खुर्चीच्या कडेवर बसून मागच्या दाराकडे कान लावून असतील. मास्तर तिला घ्यायला आला होता. तो म्हणाला, "पाठव किंवा नको पाठवूस. मला दोन्ही चालतं."

"तुला सगळंच कसं चालतं?" ती त्याच्यावर खेकसली.

"मग काय करू? तू मागशील ते देईन. पण तुला काय हवंय ते मी कसं सांगू?"

तिने संदेश पुसून टाकला. आपल्याला हे लग्न असंच हवंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचीच तिला चीड येत होती.

लग्न तसंच झालं. हॉलच्या खिडक्या बागेकडे उघड्या होत्या. सह्या होताना इतकी शांतता होती की पेनाची कुरकुर ऐकू आली. मास्तर दोन वाक्यं बोलला आणि त्याचा आवाज कापला, तोही शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. काकाने नाक शिंकरलं, तेही पोचलं. साक्षीदार म्हणून धाकटीने सही केली. पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर मोठीने कोणाला बसू दिलं नव्हतं. मग बाबांनी तिथे आपला कोट ठेवला. मोठी पहिल्यांदाच एखाद्या लग्नात बसून जेवली. अन्नातून वाफ येत होती. धाकटी शेजारी बसून तिच्या कानाशी लागून जुन्या जुन्या गोष्टी काढून हसत होती. "किती वर्षांनी सलग जेवले गं," ती म्हणाली. "तुझं बरोबर होतं." आईनेसुद्धा पाहुण्यांना दोनदा सांगितलं, "आमच्या मोठीची कल्पना."

मोठी हसत होती. आणि मनात माऊवर, धाकटीवर, स्वतःवर, सगळ्यांवर धुसफुसत होती. संध्याकाळी धाकटी मुलांना आणायला निघाली तेव्हा मोठी म्हणाली, मी पण येते. आई म्हणाली, पाहुणे टाकून कुठे निघालीस? आणि पाहुणे खरंच दारात उभे होते.

ती रविवारी गेली. माऊ भिंतीसमोर ओला फडका घेऊन बसली होती. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीपर्यंत रंगीत खडूंच्या रेघोट्या, मध्ये एक चार चाकांची वस्तू, बहुधा बस. मोठीने दुसरा फडका घेतला आणि शेजारी बसली.

"कसं झालं?" माऊने विचारलं.

मोठीने सगळं सांगितलं. पेनाची कुरकुर, काकाचं नाक, बाबांचा कोट. माऊ अगदी बारीकसारीक विचारत होती. मास्तर काय बोलला? नेमकं? धाकटीने कुठली साडी नेसली? जेवण गरम होतं का?

"गरम होतं," मोठी म्हणाली, आणि मग तिला राहवलं नाही. "तू यायला हवं होतंस."

"हो," माऊ म्हणाली. "मलाही वाटलं काल दुपारी. मुलं झोपली तेव्हा. वाटलं, आता सही झाली असेल."

"मग का नाही आलीस? कशाला असं ठरवलंस?"

"मला काय हवंय ते तू विचारलंस कुठे? तू येऊन सांगितलंस. तुझ्या आईसारखंच."

उत्तर द्यावं असं पुष्कळ मोठीच्या ओठांवर आलं आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. माऊने तिच्याकडे पाहिलं नाही. ती भिंत पुसत राहिली. निळा रंग निघत होता, लाल निघत नव्हता.

"उद्या पहाटेची पाळी आहे ना तुझी?" माऊ म्हणाली. "जा आता. हे मी करते."

"नाही," मोठी म्हणाली. मग तिने शब्द बदलला. "मी थांबू का?"

माऊने जरा विचार केला.

"थांब," ती म्हणाली. "पण तो लाल नीट घास. नुसता फासू नकोस."